ओळख परेडमध्ये बरोबर दाखवले, कोर्टातही दाखवले. तरी आरोपी सुटले कसे?

प्रश्न थोडक्यात असा आहे. 2021च्या हिवाळ्यात लग्नाहून मोटारसायकलवर परतणाऱ्या नवरा-बायकोला रात्री सव्वानऊच्या सुमारास गावाबाहेरच्या वळणावर दोघांनी अडवले. चाकू दाखवून 12 ग्रॅमचे मंगळसूत्र, मोबाइल आणि साडेआठ हजार रुपये नेले. तेविसाव्या दिवशी दोघे पकडले गेले, मोबाइल आणि सोन्याची लगड जप्त झाली. ओळख परेडमध्ये (इतर माणसांत मिसळून उभ्या केलेल्या संशयितांना साक्षीदाराने ओळखण्याची तपासातली चाचणी) नवरा-बायको दोघांनीही तीच माणसे दाखवली, पुढे कोर्टातही दाखवली. तरी प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांनी भारतीय दंड संहितेच्या (भादंवि) कलम 392 (जबरी चोरी) सह 34 (समान इरादा) मधून दोघांची निर्दोष मुक्तता केली. फिर्यादीचे मेहुणे विचारतात: हे झाले कसे, अपिलात काही होईल का, आणि माल परत मिळेल का?

आधी निकालपत्र हातात घ्या आणि त्यातला ‘मुद्दे’ आणि ‘निष्कर्ष’ असा दोन रकान्यांचा तक्ता पाहा. पहिला मुद्दा साधारण असा असतो: फिर्यादीला धाक दाखवून ऐवज जबरीने नेला हे सिद्ध होते काय? तुमच्या निकालात त्यापुढे ‘होय’ आहे. दुसरा मुद्दा: ते कृत्य या आरोपींनी केले हे सिद्ध होते काय? त्यापुढे ‘नाही’. म्हणजे कोर्टाने तुमच्या मेहुण्यांना खोटे ठरवलेले नाही. लूट झाली हे मान्य केले. ती या दोघांनीच केली का, एवढ्यावर खटला पडला. हा फरक घरच्यांना समजावून सांगा, कारण ‘कोर्टाने आपल्याला खोटे पाडले’ हाच सल बहुतेकांना जास्त लागतो.

आता ओळखीचा कायदा. साक्षीदार कोर्टात शपथेवर ‘हाच तो’ म्हणतो, तो मूळ पुरावा. तपासात झालेली ओळख परेड हा मूळ पुरावा नाही; ती फक्त त्याला पुष्टी देते. सर्वोच्च न्यायालयाने हे बुधसेन (1970) पासून मलखानसिंग (2003) पर्यंतच्या खटल्यांत पुन्हा पुन्हा सांगितले आहे. पण कोर्टातली ओळख कशी होते ते बघा. आरोपीच्या पिंजऱ्यात दोनच माणसे उभी असतात. शेजारी पोलीस. पुकारा त्यांच्या नावाने झालेला असतो. दोन-तीन वर्षांनी आलेला साक्षीदार तिकडे बोट दाखवणार नाही तर कुठे दाखवेल? म्हणूनच अनोळखी आरोपीला थेट कोर्टात पहिल्यांदा ओळखणे जवळपास बिनकामाचे, असे कानन विरुद्ध केरळ (1979) मध्ये म्हटले गेले. मलखानसिंगमध्ये परेड नसतानाही शिक्षा टिकली, हे खरे. पण तिथे पीडितेने आरोपींना दिवसाउजेडी, जवळून आणि पुरेसा वेळ पाहिले होते. अंधारात तीन-चार मिनिटांच्या लुटीला तो निकाल लावता येत नाही, जरी सरकार पक्ष दर वेळी तोच पुढे करतो.

थोडक्यात, लुटीच्या खटल्यात परेड कागदावर दुय्यम असली तरी सगळा भार तीच वाहते. ती डागाळली की कोर्टातली ओळखही जाते. आणि परेड डागाळते ती बहुतेक वेळा परेडच्या दिवशी नव्हे, त्याच्या कितीतरी आधी.

तुमच्या फिर्यादीची प्रत काढा. त्यात लिहिले आहे: ‘अंदाजे 25 ते 30 वयाचे, अंगाने सडपातळ, दोन अनोळखी इसम. पुन्हा पाहिल्यास ओळखीन.’ हे वाक्य ठाण्यातला लेखनिक शंभरातल्या नव्वद फिर्यादींत जसेच्या तसे टाइप करतो. या वर्णनात अर्धा तालुका बसतो. ‘पुन्हा पाहिल्यास ओळखीन’ याला तेव्हाच अर्थ असतो, जेव्हा कशावरून ओळखणार हे आधीच कागदावर असते. उंची ‘मध्यम’ नव्हे, ‘माझ्यापेक्षा चार बोटे कमी’. चाकू कोणत्या हातात होता. भुवईवर खूण, पुढचा दात तुटका, कानात बाळी. बोली कोणती होती: अहिराणी, वऱ्हाडी, की हिंदी मिसळलेली मराठी. एकाने दुसऱ्याला कशाने हाक मारली. मोटारसायकल कोणती, मागचा दिवा चालू होता की बंद. आणि कोणी काय केले: गळ्याला हात कोणी घातला, खिसा कोणी तपासला. फिर्याद देताना माणूस हादरलेला असतो, हे कोर्टालाही माहीत असते. म्हणून दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी आठवलेल्या गोष्टींचा पुरवणी जबाब द्यावा. मात्र तो अटकेच्या आधी. अटकेनंतर आलेले बारकावे आरोपीकडे बघून लिहिलेले वाटतात, आणि कित्येकदा असतातही.

दुसरी जागा उजेडाची. तुमच्या घटनास्थळ पंचनाम्यात चतुःसीमा आहे, डांबरी रस्त्याची रुंदी आहे, बाभळीचे झाड आहे. विजेच्या खांबाचा उल्लेखच नाही. बचावाने एवढेच विचारले की पंचनाम्यात उजेडाची नोंद आहे का. फिर्यादी कोर्टात म्हणाले की मोटारसायकलच्या हेडलाइटमध्ये चेहरे दिसले. असेलही. पण फिर्यादीत हेडलाइट नाही, पुरवणी जबाबात नाही, पहिल्यांदा आला तो साक्षीत. वकिली भाषेत याला ‘सुधारणा’ म्हणतात, आणि सुधारणा महत्त्वाच्या मुद्द्यावर असेल तर ती साक्षीदाराला फार महाग पडते. तपासी अंमलदाराने रात्री त्याच वेळी जागेवर जाऊन खांब किती फुटांवर, दिवा लागतो का, चंद्र होता का, हेडलाइट कुठल्या दिशेला होता, एवढे चार ओळींत नोंदवले असते तर हा प्रश्नच उरला नसता.

तिसरी जागा सर्वात घातक: अटक ते परेड यांमधले दिवस. तुमच्या प्रकरणात अटकेनंतर 41व्या दिवशी परेड झाली. उशिराला कायद्यात दिवसांची ठरावीक मर्यादा नाही; उशीर का झाला याचे पटेल असे कारण लागते. इथे पोलीस कोठडी पाच दिवसांत संपली, तहसीलदारांना परेडसाठी पत्र गेले ते त्यानंतर अठरा दिवसांनी, आणि त्या अठरा दिवसांबद्दल तपासी अंमलदाराकडे उत्तर नव्हते. तरीही एकटा उशीर भागवता आला असता. या काळात साक्षीदाराला आरोपी दिसण्याची संधी होती का, हा खरा प्रश्न असतो. आणि इथे ती दोनदा होती.

पहिल्यांदा, अटकेच्या दुसऱ्याच दिवशी. जप्त मुद्देमाल टेबलावर, मागे पथक, मधे आरोपी, असा फोटो स्थानिक पेपरात आला. चेहऱ्यावर बुरखा होता म्हणतात, पण मूळ फोटो व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर बिनबुरख्याचा फिरला आणि बचावाने तोच दाखल केला. कामगिरी दाखवण्याची ही हौस किती खटले खाते, याचा हिशोब कोणी ठेवत नाही. दुसऱ्यांदा, फिर्यादीला मोबाइल ओळखायला ठाण्यात बोलावले तेव्हा. उलटतपासातला तो भाग जसा नोंदला गेला तसा वाचा:

‘हे खरे आहे की, मोबाइल ओळखण्यासाठी मी पोलीस ठाण्यात गेलो होतो. हे खरे आहे की, त्या वेळी दोन इसम लॉकअपमध्ये बसलेले होते. हे खरे आहे की, चोर सापडले असे हवालदारांनी मला सांगितले. हे म्हणणे खरे नाही की, पोलिसांनी मला आरोपी दाखवले म्हणून मी परेडमध्ये त्यांना ओळखले.’

शेवटचा नकार काही वाचवत नाही. पहिल्या तीन ‘हे खरे आहे’ मध्येच परेड संपली. यात फिर्यादीचा दोष नाही. ते खरे बोलले. ठाण्याने माल ओळखायला बोलावताना आरोपींना समोर ठेवायला नको होते. अशा वेळी फिर्यादीने करायची गोष्ट एकच: फोन आला तर ‘आरोपी तिथे आहेत का?’ विचारायचे, आहेत म्हटले तर परेड होईपर्यंत जायचे नाही. मोबाइलवर फोटो पाठवून ‘हेच का?’ असे विचारणाऱ्यालाही उत्तर द्यायचे नाही. संशयित अजून सापडलेलाच नसताना ठाण्यातला फोटो अल्बम चाळणे वेगळे. सापडल्यावर त्याचा एकच फोटो दाखवणे म्हणजे परेडच्या आधी उत्तरपत्रिका हातात देणे.

आता परेडच. मुंबईतल्या लॉइड्स बँकेच्या 1951च्या लुटीच्या खटल्यात (रामकिशन मिठनलाल शर्मा, निकाल 1954) सर्वोच्च न्यायालयाने दाखवून दिले की परेड पोलिसांनीच चालवली तर ओळखणे म्हणजे पोलिसांपुढे दिलेला जबाब ठरतो आणि त्याला फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम 162 आडवे येते (पोलिसांपुढचा जबाब पुरावा म्हणून वापरता येत नाही). म्हणून आपल्याकडे ती कार्यकारी दंडाधिकारी घेतात: गावाकडे बहुधा तहसीलदार किंवा नायब तहसीलदार, शहरात विशेष कार्यकारी अधिकारी. मुंबई उच्च न्यायालयाच्या क्रिमिनल मॅन्युअलमध्ये पद्धत लिहिलेली आहे. एका आरोपीमागे किमान सहा डमी (रांगेत मिसळलेली इतर माणसे), दोन आरोपी असतील तर दहा-बारा, एका रांगेत शक्यतो दोनांपेक्षा जास्त आरोपी नाहीत. दोन प्रतिष्ठित पंच. डमी वयाने, बांध्याने, रंगाने आरोपीशी मिळतेजुळते. पोलीस नजरेआड. साक्षीदार वेगळ्या खोलीत, एकेकटा आत आणायचा आणि ओळख झाल्यावर पुढच्या साक्षीदाराशी त्याची भेट होऊ द्यायची नाही. आरोपीला हवी ती जागा घेऊ द्यायची, कपडे बदलायचे असतील तर बदलू द्यायचे, प्रत्येक साक्षीदारानंतर पुन्हा विचारायचे. आणि हे सगळे केले, एवढेच नव्हे तर केल्याची नोंद मेमोरँडममध्ये (परेडच्या नोंदपत्रात) करायची.

तुमच्या परेडचा कागद एका पानाचा आहे. दोन आरोपी, डमी सहाच. डमींची नावे आहेत, वये नाहीत. नायब तहसीलदारांनी उलटतपासात मान्य केले की डमी कारागृहाने पुरवले आणि त्यांतले तिघे ‘चाळिशीचे’ होते. आरोपी 22 आणि 24 वर्षांचे. आठ जणांत तरुण पाच, त्यांतले दोन आरोपी. शिवाय फिर्यादी आणि त्यांच्या पत्नी कारागृहात एकाच रिक्षाने आले, एकाच बाकावर बसले, सोबत ठाण्याचा हवालदार. मेमोरँडममध्ये ‘साक्षीदारास बोलावले असता त्याने आरोपी क्र. 1 व 2 यांना ओळखले’ एवढेच आहे. कोणी काय केले म्हणून ओळखले, ते नाही. चाकू कोणाकडे होता हे दोघांपैकी एकाही साक्षीदाराने परेडमध्ये सांगितले नाही, आणि सहायक सरकारी वकिलांनी सरतपासातही (आपल्याच साक्षीदाराला प्रश्न विचारताना) विचारले नाही. इथे कलम 397 (प्राणघातक हत्यार वापरून लूट) लावलेले नव्हते म्हणून चालून गेले. ते असते तर फुलकुमार (1975) निकालाप्रमाणे हत्यार नेमके कोणी वापरले हे ठरल्याशिवाय सात वर्षांची किमान शिक्षा कोणालाच लागली नसती.

(जाता जाता: आरोपीने परेडला उभे राहायलाच नकार दिला तर? मुकेश सिंग विरुद्ध दिल्ली राज्य, 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की त्याला असा नकार देण्याचा हक्क नाही आणि नकारावरून त्याच्याविरुद्ध अनुमान काढता येते. पण ते अनुमान बाकीच्या पुराव्याला जोड म्हणून. एकट्या त्यावर शिक्षा होत नाही. आणि ‘मला आधीच दाखवले आहे’ हे कारण त्याने त्याच दिवशी नोंदवले असेल तर ते तपासावे लागते.)

तुमचा खरा राग माल सापडूनही सुटले यावर आहे, आणि तो रास्त आहे. ओळख पडली तरी माल आरोपीला गुन्ह्याशी जोडू शकतो. चोरीनंतर लवकरच चोरीचा माल ज्याच्याकडे सापडतो तो चोर किंवा चोरीचा माल घेणारा, असे गृहीतक पुरावा कायद्याच्या कलम 114 च्या उदाहरण (अ) मध्ये आहे. नव्या भारतीय साक्ष अधिनियमात ते कलम 119. इथे ते का लागले नाही, ते वस्तूगणिक बघू.

लगड. मंगळसूत्र 12 ग्रॅमचे, लगड 9.8 ग्रॅमची. सोनाराने आटवली. आटवलेले सोने कोणाचेही असू शकते; त्याच्यावर ना वाटीची नक्षी, ना डाग. सोनार साक्षीला आला, पण त्याच्या वहीत ना तारीख ना विकणाऱ्याची सही. त्याने कोर्टात आरोपीला ओळखले नाही, आणि सरकारी वकिलांनी त्याला फितूर घोषित केले. तिथे दुवा तुटला. हल्ली दागिन्यावर सहा अक्षर-अंकांचा हॉलमार्क क्रमांक असतो. 1 एप्रिल 2023 पासून हॉलमार्कचे सोने त्याशिवाय विकता येत नाही. दागिना आटवण्याआधी सापडला तर हा क्रमांक आणि बिल मालकीचा वाद मिटवते. बिल नसेल तर लग्नातला दागिना दिसणारा फोटोही उपयोगी पडतो. पण क्रमांक फिर्यादीतच लिहा, नंतर नको.

मोबाइल. हा पुरावा चांगला होता. 15 अंकी आयएमईआय क्रमांक बिलाशी जुळला. अडले ते जप्तीत. निवेदन पंचनाम्यात लिहिले आहे: ‘आरोपी क्र. 1 व 2 यांनी निवेदन केले की, आम्ही मोबाइल व चाकू लपवून ठेवला आहे, काढून देतो.’ दोघे एका सुरात बोलले! आरोपीच्या माहितीवरून वस्तू सापडली तर पुरावा कायद्याच्या कलम 27 (आता साक्ष अधिनियमाचे 23) खाली ती माहिती कोणी दिली, नेमक्या कोणत्या शब्दांत दिली, हे एकेकाचे वेगळे नोंदवावे लागते. मोहम्मद अब्दुल हफीज विरुद्ध आंध्र प्रदेश (1983) हा लुटीचाच खटला. त्यात अनोळखी आरोपीची परेड न घेता कोर्टात केलेली ओळख आणि असे सामाईक निवेदन, दोन्ही टाकून दिले गेले. त्यात तुमचा एक पंच फितूर झाला, दुसरा तपासलाच नाही. पंच फितूर झाला म्हणजे पंचनामा मेला असे नाही. तपासी अंमलदाराच्या साक्षीवरही तो सिद्ध होतो. पण त्याने आरोपीचे शब्द साक्षीत सांगायला हवेत. ‘आरोपींनी निवेदन दिले, त्यावरून जप्ती केली’ एवढ्यावर भागत नाही. आणि मोबाइल निघाला पडक्या गोठ्याच्या छपरातून, जिथे कोणीही जाऊ शकत होते. ताबा कोणाचा, हे उघडेच राहिले.

वळणापासून दीड किलोमीटरवरच्या पेट्रोल पंपाचे सीसीटीव्ही होते, त्याचे काय झाले असेही तुम्ही विचारले आहे. पोलीस पंपावर गेले ते अटकेनंतर, आणि डीव्हीआरवर जुने चित्रण पुसून नवे चढत राहते. जे मिळाले त्याला पुरावा कायद्याच्या कलम 65ब चे (इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठीचे) प्रमाणपत्र नव्हते. ते लागतेच, हे अर्जुन पंडितराव खोतकर (2020) या आपल्या जालन्याच्या निवडणूक खटल्यात पक्के झाले आहे. फिर्यादीने दुसऱ्याच दिवशी ठाण्यात लेखी अर्ज देऊन कॅमेऱ्याची जागा सांगावी आणि पोच घ्यावी. फार तर एक पान खर्च होते.

अपील. निकाल न्यायदंडाधिकाऱ्यांचा आहे, त्यामुळे पीडित म्हणून फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 372 च्या परंतुकाखाली (नव्या नागरिक सुरक्षा संहितेत 413) सत्र न्यायालयात अपील करता येते. मल्लिकार्जुन कोडगली (2018) या निकालानंतर त्याला आगाऊ परवानगी लागत नाही. परंतुकात मुदत लिहिलेली नाही, म्हणून निश्चिंत राहू नका. निकालाच्या प्रमाणित प्रतीचा अर्ज आजच करा आणि अपील विनाविलंब दाखल करा. सरकारनेही अपील करावे म्हणून जिल्हा सरकारी वकिलांकडे वेगळा अर्ज द्या.

392 वर मला फारशी आशा वाटत नाही. निर्दोष मुक्ततेवर अपिलात दोन मते शक्य असतील तर खालच्या कोर्टाचे मत बदलत नाहीत (चंद्रप्पा, 2007), आणि लॉकअपबद्दलची कबुली साक्षीतून पुसता येत नाही. वाव आहे तो भादंवि 411 वर. वेगळा आरोप ठेवलेला नसला तरी चोरीचा माल बाळगल्याबद्दल शिक्षा देता येते. त्याला फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 221 (2) चा आधार आहे. आयएमईआय जुळतो, मध्ये गेले तेवीसच दिवस. गोठ्याचा ताबा कोणाकडे होता यावर सातबारा आणि शेजाऱ्याची साक्ष नोंदीवर आहे का, ते वकिलाला बघायला सांगा. असेल तर एका आरोपीपुरते अपील चालवण्यासारखे आहे. नसेल तर खर्च करू नका.

माल मात्र अडकलेला नाही. मुद्देमालाचा आदेश निकालाच्या शेवटच्या परिच्छेदात असतो (कलम 452, नव्यात 498), आणि आरोपी सुटला म्हणून माल आरोपीला जात नाही. जो मालकी दाखवतो त्याला मिळतो. मोबाइलसाठी बिल पुरेसे आहे. लगडीवर आरोपींनी हक्क सांगितलेला नाही, सोनारानेही नाही. मंगळसूत्राचे बिल आणि शपथपत्र जोडून अर्ज करा. आदेशात ‘अपील मुदतीनंतर’ असे शब्द असतील तर तेवढे दिवस थांबावे लागेल. मोबाइल खटला चालू असतानाच सुपूर्तनाम्यावर (तात्पुरत्या ताब्यात) मिळाला असेल, तर बंधपत्रातली ‘विकणार नाही, स्वरूप बदलणार नाही’ ही अट अपिलाची मुदत संपेपर्यंत पाळा. आणि अपील करणारच असाल तर लगड ताब्यात आल्यावर तिचे नवे मंगळसूत्र इतक्यात करू नका.